घरशाळेची तपासणी

निवृत्त झालेल्या मास्तरीणबाईनं काय करावं, हे आमच्या जळगाव जामोदात आधीच ठरलेलं असतं. सकाळी देवळात जावं, दुपारी भजनी मंडळात टाळ वाजवावेत, सुनेच्या स्वयंपाकाला नावं ठेवावीत आणि गुडघ्यांबद्दल बोलावं. यातले फक्त गुडघे माझ्या वाट्याला आले. बाकीचं जमलं नाही आणि मला जमवायचंही नव्हतं. जिल्हा परिषदेच्या शाळांमध्ये उभी हयात घालवून घरी बसले, अन् वर्षाच्या आत परत खडू हातात घेतला. तोही कोणासाठी, तर शाळेत न जाणाऱ्या पोरांसाठी.

माझ्याबरोबर नोकरी केलेल्या बाया अजून हसतात. एक तर भर बाजारात, भाजीच्या ढिगापुढं उभी राहून म्हणाली, "जिंदगीभर हजेऱ्या घेतल्या अन् आता गैरहजर पोट्टे शिकवून राह्यली काय वो?"

मी म्हटलं, "हाव. तुह्या हजर पोट्ट्यायपेक्षा बरे हायेत."

तिनं हातातली मेथीची जुडी तिथंच टाकली अन् तरातरा निघून गेली. जाऊ दे. मला तिच्याकडं हळदीकुंकवाला जायचं नव्हतंच.

प्रकार असा होता. आमच्या गावातल्या अन् आजूबाजूच्या काही घरांनी आपली पोरं शाळेतून काढून घरीच शिकवायला घेतली होती. एक डॉक्टर जोडपं होतं, दोनतीन शेतकरी घरं, बँकेतल्या साहेबाची बायको, अशी माणसं. घरी आईबाप शिकवायचे. पण घरात एकट्या पोराला सगळंच मिळत नाही. भांडायलाही समोर कोणी लागतं. म्हणून मंगळवारी अन् शुक्रवारी ही सगळी पोरं एका हॉलमध्ये जमायची. तो हॉल म्हणजे बंद पडलेल्या फोटो स्टुडिओचा वरचा मजला. मागच्या भिंतीवर रंगवलेला धबधबा अन् त्यात पोहणारे दोन राजहंस अजून तसेच होते. अर्ध्या गावाचे लग्नाचे फोटो त्या राजहंसांपुढं काढलेले आहेत. माझाही.

शिकवायला आम्ही तिघं. हा वर्ग ज्यानं सुरू केला तो आमच्याच गावचा पोरगा, इंजिनीअर. पुण्याला नोकरी करून, दाढी वाढवून परत आला होता. त्याचं म्हणणं, मुलानं स्वतः विचारेपर्यंत त्याला काही सांगायचं नाही. प्रश्न आतून उगवला पाहिजे. मी म्हणायचे, "उगवाले तो काय हरभरा हाय का रे?" दुसऱ्या आपा. त्यांचं उर्दू माध्यमातून डी.एड. झालेलं, पण नोकरी कधी लागली नाही, म्हणून घरी शिवणाचे क्लास चालवायच्या. त्यांचा नियम एकच, हातात घेतलेलं काम पुरं झाल्याशिवाय उठायचं नाही. एकदा त्यांनी एका पोराची वाकडीतिकडी पिशवी शेवटच्या टाक्यापर्यंत शिवून घेतली, अन् त्याचा बाप खाली गाडी चालू ठेवून हॉर्न वाजवत बसला. अन् तिसरी मी. मोठ्यानं वाचायचं, चुकलं तरी चालेल पण आवाज बाहेर आला पाहिजे, हे माझं. शुक्रवारी पोरं गेली की आम्ही चहा पिता पिता यावरून कडाकडा भांडायचो. कोणीच कोणाचं ऐकायचं नाही.

अशात ती आली. नऊ वर्षांची पोरगी, जवळच्या सोनाळा गावची. आई तिला एसटीनं घेऊन यायची. आधीच्या शाळेत वाचताना अडली की तिला बाकावर उभं करायचे. असं किती दिवस चाललं, ते आईलाही धड माहीत नव्हतं. आधी पोरीचं वाचणं बंद झालं, मग शाळेत बोलणं बंद झालं, अन् शेवटी तर घरी तहान लागली तरी ती पाणी मागेना. तेव्हा आईनं तिला शाळेतून काढलं. बाप सुरतेला कंपनीत, सणावाराला येणार. घरात शब्द चालायचा तो आजोबाचा. गावात त्याचं बी-बियाणं अन् पिकांच्या औषधाचं दुकान. त्यानं सुनेला सांगून टाकलं होतं, "उन्हाळ्यापर्यंत पाहतो तुमची घरशाळा. माह्यासमोर वाचून दाखवलं तं ठीक, नाही तं जूनमंधी पोरगी निवासी शाळेत."

हे मला आईनंच सांगितलं, जिन्यात, आवाज दाबून. "बाई, तिथं तिले कोण पाहीन? ती तिथं वाळून जाईन वो."

पोरगी पहिले कितीतरी आठवडे राजहंसांखाली भिंतीला टेकून बसली. इंजिनीअर म्हणाला, वाट पाहू. आपांनी तिच्या हातात उशीचा अभ्रा अन् सुई दिली. अन् मी, आवाज काढा म्हणून पोरांच्या मागं लागणारी, हिच्यापुढं गप्प झाले. मी तिच्या शेजारी बसून नुसती वाचायची. तिनं काही करावं असं म्हणायची नाही. जीभ कशी आवरली माझं मला माहीत. एका मंगळवारी चष्मा घरी राहिला अन् वाचताना माझी एक ओळ सुटली. पोरीनं पुस्तकावर बोट ठेवलं.

"हे राह्यलं."

मी ओरडणारच होते, पण आपांनी मागून असा चिमटा काढला की दुसऱ्या दिवशीही दंड दुखत होता. मी नुसतं "हाव की" म्हटलं अन् राहिलेली ओळ वाचली. त्यानंतर ती वाचायला लागली. शब्दाला शब्द जोडत, दाराकडं बघत, माझ्या कानाशी. जोडाक्षर आलं की अडायची अन् माझ्या पदराला हात लावायची. मी सांगायची. एवढंच चाललं होतं.

अन् उन्हाळा आला. आजोबाचा निरोप आला, शुक्रवारी येतो.

आमच्या इंजिनीअरच्या तोंडचं पाणी पळालं. ही पोरगी गेली तर आजोबाचा शब्द मानणारी सोनाळ्याकडची बाकीची घरंही पोरं काढून घेतील, मग हॉलचं भाडं कुठून द्यायचं अन् वर्ग कशावर चालवायचा? गुरुवारी संध्याकाळी तो माझ्या घरी आला. पाणीही न पिता म्हणाला, "बाई, तिच्याकडून एक पान पाठ करून घ्या. पुस्तक हातात धरून म्हणेल. एकदाच. मग पुढं आपण आहोतच."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "काहून रे? आतून उगवून राह्यलं होतं ना? आता खत टाकतो काय रातोरात?"

तो म्हणाला, "बाई, प्रश्न पोरीचा आहे."

"पोरीचा हाय म्हणूनच सांगून राह्यली. मले शिकवतं का तू तपासणी?"

त्याला मी तेव्हा खाली बसवलं अन् सांगितलं. शाळेत तपासणीला साहेब यायचे त्याच्या आदल्या दिवशी आम्ही वर्गाला बजावून ठेवायचो. साहेबांनी काहीही विचारलं तरी सगळ्यांनी हात वर करायचा. उत्तर येत असेल त्यानं उजवा, येत नसेल त्यानं डावा. मग आम्ही उजव्या हाताच्याच पोराला उठवायचो. साहेब खूश, मुख्याध्यापक खूश. डाव्या हाताची पोरं मात्र वर्षानुवर्षं डावा हातच वर करून दहावीपर्यंत जायची, कोणाला पत्ता लागायचा नाही. हे मी केलं, सगळ्यांनीच केलं, त्या नोकरीत दुसरं चालत नव्हतं. पण आता मला कोणाचा पगार नाही, बदलीची भीती नाही, कोणता साहेब नाही. मग ह्या राजहंसांपुढं येऊन मी परत तेच नाटक करू? त्या पोरीला परत सांगू की तुला येत नाही ते लपव?

"जमणार नाही," मी म्हटलं. "वर्ग बंद पडला तर पडू दे."

तो आपांकडं गेला. आपांनी त्याला दारातूनच वाटेला लावलं. "अधूरा है तो अधूरा दिखाओ," म्हणाल्या. "उसमें शरम कायची?"

शुक्रवारी आजोबा आला. पांढरी पँट, पांढरा शर्ट, खिशाला दोन पेन. पोरगी अन् तिची आई मागून. आम्ही खुर्ची दिली तर बसला नाही. पुस्तकांकडं तर त्यानं पाहिलंसुद्धा नाही. काखेतला पेपर काढला, घडी मोडली, एका बातमीवर बोट ठेवलं अन् नातीपुढं धरला.

"हं. वाच."

आई दाराची चौकट धरून उभी होती. बाकीची पोरं सरकून जवळ आली.

पोरीनं पेपर घेतला. "हळद," ती म्हणाली. मग, "लाग... वडीचे." अन् अडली. पुढचा शब्द होता 'क्षेत्र'. इंजिनीअरचे ओठ हलायला लागले, त्याला आजोबाच्या पाठीमागून तो शब्द तिला पोचवायचा होता. मी त्याच्याकडं असं पाहिलं की त्याचं तोंड मिटलं. मी स्वतःही जागची हलले नाही. अशाच वेळी तिला शाळेत बाकावर चढवायचे, हे त्या हॉलमधल्या प्रत्येक मोठ्या माणसाला माहीत होतं.

पोरीनं एकदा माझ्याकडं पाहिलं. मग मान वर करून आजोबाकडं.

"आबा, हे मले येत नाही. काय हाय हे?"

आजोबा तिला सोडून माझ्याकडं वळला. "मंग बाई, इतके महिने शिकवलं काय तुम्ही?"

"हेच," मी म्हटलं.

"काय हेच?"

"हेच शिकवलं. येत नाही असं म्हणायले. भाऊ, माही सारी नोकरी गेली शाळेत. साहेबासमोर येत नाही म्हणणारं एक लेकरू मी पाह्यलं नाही. आम्ही म्हणूच देलं नाही. तुमची नात तोंडावर म्हणून राह्यली, तेही तुमच्या. अक्षर काय, ते येईन आज ना उद्या."

तो हसला, तेही नाकातून. "येत नाही म्हणायले वर्ग कायले पाह्यजे? ते तं कोणालेही येते."

"अस्सं? मंग तुम्ही म्हणा. तुमच्या दुकानात गिऱ्हाईक येते, रोगट पान दाखवते, कोणतं औषध मारू म्हणते. सांगा मले, एकातरी माणसाले आजपर्यंत म्हटलं का, की बाप्पा, हे मले माहीत नाही?"

त्याचे कान लाल झाले. इंजिनीअरनं डोक्याला हात लावला. आपा म्हणाल्या, "बाई, बस." पण मी बसणार होते काय? इतक्या वर्षांचं तुंबलेलं होतं, ते काय एका वाक्यात संपतं? आजोबाही सुरू झाला, की त्याच्या दुकानापर्यंत जायचं काम नाही, मास्तर लोकांनी पगार खाल्ले अन् गावं अडाणी ठेवली. मीही सोडलं नाही. दोघांचे आवाज खाली रस्त्यावर जात असतील.

तेवढ्यात पोरीनं आजोबाची बाही ओढली. एकदा ओढली, त्यानं लक्ष दिलं नाही. मग चांगली जोरात ओढली.

"आबा, तुम्ही मंग भांडा. पह्यले हे सांगा. पुढचं अडून राह्यलं माहं."

मला हसू आलं अन् डोळ्यांत पाणीही आलं, दोन्ही एकदम. जी पोरगी घरात पाणी मागत नव्हती ती ह्या माणसाला, ज्याच्यापुढं तिची आई तोंड उघडत नव्हती, त्याला दटावत होती.

आजोबानं खुर्ची ओढली, बसला, अन् खिशातला चष्मा लावून पेपरावर वाकला.

"क्षेत्र," तो म्हणाला. "म्हंजे किती जमिनीत लावली ते."

"क्षेत्र," ती म्हणाली. "वाढले. हळद लागवडीचे क्षेत्र वाढले." अन् खालच्या बातमीत घुसली. ती परत अडली, परत अडली. प्रत्येक वेळी तिनं त्यालाच विचारलं, माझ्याकडं वळूनही पाहिलं नाही. मला जरा राग आला, खरं सांगते. बातमी संपायला लय वेळ लागला. आपा दारात उभ्या राहून कोणालाच उठू देत नव्हत्या.

संपल्यावर आजोबानं पेपराची घडी केली. मला वाटलं, आता निकाल देतो. त्यानं मला विचारलं, पण आवाज उतरलेला होता, "निवासी शाळेत अडली, तं ही कोणाले विचारीन, बाई?"

मी ह्या बाबतीत त्याला गोड काही सांगणार नव्हते. "नाही विचारणार कोणाले. चूप बसंन."

त्यानं सुनेकडं पाहिलंसुद्धा नाही. नातीचं बोट धरलं अन् जिन्याकडं निघाला. आम्ही तिघं कठड्याशी उभे होतो. इंजिनीअरनं माझा हात धरला होता, ते त्याच्याही लक्षात नसावं. खाली, शेवटच्या पायरीवर, आजोबाचा आवाज आला.

"मंगळवारी इकडं याले किती वाजताची गाडी असते वो तुही?"

"मले नाही माहीत," पोरगी म्हणाली, चांगली मोठ्यानं. "चाला, विचारू."