असा कोणी इथी नाई

आमच्या गावात लेकरू चालायला लागलं की त्याला दोन गोष्टी शिकवतात. तलावाच्या काठाला एकटं जायचं नाही, आणि अनोळखी माणसानं घरातल्या तरण्या पोराचं नाव घेऊन विचारलं तर माहीत नाही म्हणायचं. दिवसा वर्दीवाले विचारायचे, अंधार पडला की जंगलातले बंदूकवाले विचारायचे. दोघांना उत्तर एकच. इथी नाई, माहीत नाई. या उत्तरावर मी म्हातारा झालो. माझ्या बरोबरीचे काही जण झाले नाहीत.

गाव चामोर्शीपासून आत आहे. थोडं धान आणि तलावातले मासे, यावर आमचं चालतं. पोरगा एकुलता. त्याला ना चिखल आवडला ना जाळं. बल्लारपूरला वेल्डिंग शिकला आणि परदेशात बिल्डिंगीच्या कामावर गेला. मी नको म्हणालो होतो. माझं कोण ऐकतं? मग तिकडे लढाई लागली.

एक दिवस त्याचा फोन आला. आपलं सरकार तिथल्या आपल्या माणसांना बसमध्ये बसवून सीमेपलीकडे नेणार, तिथून विमानानं दिल्लीला. त्यानं नाव दिलं होतं. पण पासपोर्ट मुकादमाजवळ, आणि मुकादम पहिल्या बॉम्बलाच पळालेला. "दूतावासातले साहेब दुसरा कागद करून देते, बाबा. तुमी काळजी नोका करू." मी म्हणालो, करून नाही राह्यलो. खोटं बोललो.

दुसऱ्या दिवशी दुपारी अंगणात जाळं सांधत बसलो होतो, तर फोन वाजला.

"ठाण्यातून बोलून राह्यलो. तुमचा पोरगा कुठी आहे?"

मी हातातली गाठ सोडली नाही. "कोणता पोरगा?"

त्यानं नाव घेतलं. नाव बरोबर होतं.

"असा कोणी इथी नाई."

"बाबाजी, ऐकून तं घ्या..."

"आपल्याले पोरगाच नाई," म्हणालो आणि फोन ठेवला. पुन्हा वाजला, तेव्हा बटण दाबून बंदच करून टाकला.

पोराची माय चुलीपासून उठून आली. "कोण होतं जी?"

"पोलीस. पोरगा कुठी आहे म्हणे."

"मंग?"

"मंग काय? सांगतलं, नाई म्हणून."

तिनं मान हलवली. तिलाही ते बरोबरच वाटलं. आता ती म्हणते, वाटलं नव्हतं. वाटलं होतं.

सकाळी फोन सुरू केला, आणि लगेच पोराचाच आला.

"बाबा, तुमी ठाण्यावाल्याले काय सांगतलं?"

"काहीच नाई. आपण कधी सांगतो?"

"अजी बाबा! माझी खात्री कराले फोन केला होता त्यानं. इथून दिल्लीले, दिल्लीवरून गडचिरोलीले, मंग आपल्या ठाण्यात. आता इथले साहेब म्हणते, तुझा बाप तं म्हणते आपल्याले पोरगाच नाई. सारे हसून राह्यले."

"हसू दे."

"बस उद्या निघते, बाबा. कागद नाई तं मले सीमेवर उतरवून देईन."

एवढ्यात त्याच्या मागे, लांब कुठेतरी, धप्प आवाज झाला. पावसाळ्यात तलावाची पाळ खचते तसा. काय झालं रे, मी विचारलं.

"काई नाई," तो म्हणाला. आमचंच उत्तर त्यानं मला दिलं.

ठाण्याची पायरी मी जन्मात चढलो नव्हतो. जंगलातल्यांच्या बैठकीलाही स्वतःच्या पायानं गेलो नव्हतो. तरणा असताना दोन्हीकडचा मार खाल्ला, पण कुणाच्या दारात गेलो नाही. शाळा दुसरीत सुटली, जमीन मोठी नाही, नाव घेण्यासारखी माझ्याजवळ तेवढीच एक गोष्ट होती. शेजाऱ्याच्या मोटरसायकलवर बसून निघालो. नेमका बाजाराचा दिवस. ओळखीच्या लोकांनी भाजी निवडता निवडता मला ठाण्यात शिरताना पाहिलं.

टेबलामागे एक पोरगेला शिपाई होता. "काय काम आहे, बाबाजी?"

"पोरगा आहे मले."

त्यानं मान वर केली. आवाज ओळखला. "काल तं नव्हता! एका रात्रीत झाला काय? अन् वेल्डरही होऊन गेला?"

बाकीचे हसले. मी हसू दिलं. मग म्हणालो, "वर्दीवाला विचारते पोरगा कुठी आहे, तं आमी काय सांगाव? तुमीच तं शिकवलं हे."

हसणं थांबलं. शिपायानं खुर्ची पुढे केली. पाय दुखत होते, पण बसलो नाही.

आतून मोठे साहेब आले. त्यांनी मोबाईलवर पोराला लावलं, चेहरा दिसेल असा. दाढी वाढलेली, डोळे आत गेलेले. "हा कोण आहे?" साहेबांनी विचारलं. ज्या माणसांपुढे आयुष्यभर नाही म्हटलं, त्यांच्यापुढे हो म्हणायचं होतं. म्हणालो, पण तोंडातल्या तोंडात. पोरगा तिकडून नुसता बघत होता.

"बाबाजी, मोठ्यानं बोला. तिकडे ऐकू गेलं पाहिजे."

"माझा पोरगा आहे," मी म्हणालो. "माझाच आहे." बाहेर बाजारातही ऐकू गेलं असेल.

साहेबांनी माझ्यासमोरच वर कळवलं. कागद झाला, पोरगा बसमध्ये बसला. सीमेवर खूप थांबवलं, मधे त्याचा फोन लागेना. मी तलावावर जात होतो, जाळं टाकत होतो, काय निघालं ते आठवत नाही. मग तो दिल्लीहून बोलला.

सरकारनं त्याला आणलं, जेवू घातलं, तिकिटाचे पैसे मागितले नाहीत. खरं ते खरं. ज्यांच्या भीतीनं आम्ही पोरं लपवली, त्यांनीच एक पोरगा आणून दिला, हेही खरं. दोन्ही खऱ्यांचा मेळ घालायला आता अंगात जोर नाही. पोरगा म्हणतो, बाबा, तुमी चुकले. मी तसं नाही म्हणत.

घरी आला तेव्हापासून तो खाटेवर पडून असायचा, पण झोपत नव्हता. छपरावर माकडानं उडी मारली तरी उठून बसायचा. अशातच एका दुपारी कॅमेरा गळ्यात घातलेला अनोळखी माणूस कुंपणाशी गाडी थांबवून म्हणाला, "लढाईतून सुटून आलेला मुलगा इथंच राहतो ना?"

मी जाळं सांधत होतो. पोरगा आत होता, सगळं ऐकत.

"असा कोणी इथी नाई," मी म्हणालो.

माणसानं गाडी वळवली, गेला. काही वेळानं आतून पोराचं घोरणं ऐकू आलं. मी पुढची गाठ घेतली.