एकादशी करणारा बिबट्या

बिबट्या सासूबाईंच्या पाठीवर होता आणि त्यांच्या पोटाखाली माझी दोन वर्षांची मुलगी होती. तिचा एक पाय बाहेर राहिला होता. तो हलत होता, म्हणून ती जिवंत आहे एवढं मला कळलं. मी चुलीवरचं आमटीचं पातेलं उचललं आणि त्याच्या तोंडावर ओतलं. थोडी सासूबाईंवरही पडली. तो सुटला आणि कुंपणावरून पलीकडे गेला.

द्वादशीची सकाळ होती, पारण्याचा स्वयंपाक चालला होता. राजाजीनगरात तेव्हा घरं कमी, मोकळ्या जागाच जास्त. यजमान पहिल्या पाळीला कारखान्यात गेले होते.

पिल्लू धाकट्या दिरांनी आणलं होतं. कामानिमित्त ते जंगलात जात. आणलं तेव्हा ते मांजराएवढं होतं. सासूबाईंनी मांडीवर घेतलं आणि सांगून टाकलं, या घरात राहायचं तर घराच्या रीतीने राहील. दूध, दहीभात, वर तूप. एकादशीला नुसतं पाणी. रक्ताची चवच लागली नाही तर क्रूरपणा येईल कुठून, असं त्यांचं म्हणणं. लोक बघायला येत. कोणी त्याच्यापुढे फूलही ठेवी.

"अक्का, हे चिरते आहे, भटजी नव्हे," दूधवाली म्हणायची. कानडीत चिरते म्हणजे बिबट्या.

"तुझी म्हैस गवत खाऊनच माजली ना?" सासूबाई म्हणायच्या. "तू दूध घाल. स्वल्प जास्त घाल."

वर्षाच्या आत त्याचे पुढचे पाय वाकले. मग सासूबाई देवळात गेल्या की दीर मागच्या दाराने मांस आणून त्याला घालू लागले. एकदा मी पाहिलं.

"वहिनी, आईला सांगू नका. भातावर ठेवला तर हा एक दिवस आपल्यालाच खाईल."

मी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर सासूबाईंनी मुलाला आणि बिबट्याला एकाच दिवशी घराबाहेर काढलं असतं. त्याचे पाय तसेच राहिले, पण अंग भरलं.

पुढे दीर तीन आठवड्यांसाठी जंगलातल्या कामावर गेले. बिबट्या पुन्हा दहीभातावर आला. तो भात हुंगून सोडून द्यायचा. फणसाच्या झाडाला साखळीने बांधलेला असायचा. मुलगी अंगणात आली की उठून बसायचा आणि ती आत जाईपर्यंत तिच्यामागे मान फिरवायचा.

"बघ, नातीवर केवढा जीव आहे त्याचा," सासूबाई म्हणायच्या.

मी मुलीला आत ओढून कडी लावायचे. एकादशीला त्याला नेहमीसारखं पाणी ठेवलं. त्याची मान वाळून गळ्यातला पट्टा सैल झालेला मला दिसत होता. जवळ जाऊन घट्ट करायची माझी हिंमत झाली नाही आणि दुसऱ्या कोणाला सांगायचंही मला सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाई दूधभाताचं ताट घेऊन निघाल्या. मुलगी त्यांचं लुगडं धरून मागे गेली. मी फोडणी देत होते, माझं लक्ष नव्हतं. मान वर केली तेव्हा तो पट्ट्यातून डोकं मागे काढत होता. त्याने ताटाकडे पाहिलंही नाही. सरळ मुलीकडे वळला. सासूबाईंनी ताट टाकलं आणि तिच्यावर उपड्या पडल्या.

त्याच दुपारी मोकळ्या जागेत त्याला गोळी घातली. पोट पाठीला लागलेलं होतं.

दवाखान्यात सासूबाईंची जखम चिघळली. तापात त्या एकच म्हणत होत्या, "कोणीतरी त्याला मांस चाटवलं. माझ्या हातचा तो असा नव्हता." कामावरून परतलेले दीर पायाशी उभे होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी सासूबाईंना पाणी पाजलं.

आठव्या दिवशी त्या गेल्या. मुलगी वाचली. तिच्या पायावर ओरखडाही नव्हता.