आक्काची रुसलेली डोकी

आक्काला मातीचं हसरं माणूस घडवता येत नव्हतं असं नाही, तिला ते आवडतच नसे. "फोटू काडायचा म्हनलं की कुनीबी हसतंय. रुसल्यावर मानूस खरं दिसतं," म्हणायची. औंढ्यातल्या तिच्या पडवीत मातीची डोकी मांडलेली असत, आणि एकजात सगळी फुगलेली. शेजारीण म्हणून माझंही होतं. "नाक जरा जास्तच फेंदारलंय," असं मी म्हटलं, तर म्हणाली, "हायच तसं."

भाजण्याचे तिचे प्रयोग म्हणजे शेजाऱ्यांना ताप. भाताच्या रोपांसाठी जमीन भाजायला पालापाचोळ्याचा राब रचला होता, त्यात हिने पहिली डोकी पुरली. जमिनीबरोबर तीही भाजतील म्हणे! पक्की झाली का बघायला बादलीत बुडवली, तर पुन्हा चिखल. मग खड्डा खणून गोवऱ्या आणि भाताचं तूस पेटवलं. त्या धुराने माझ्या वाळत घातलेल्या चादरी काळ्या झाल्या. मी तणतणत गेले, तर ही बया तडकलेलं डोकं मांडीवर घेऊन खूश. "भरीव केलं म्हनून फुटलं बग. डोस्कं पोकळच बरं, मान्साचं बी!"

एक डोकं मात्र फुटलं की ती जेवत नसे. ते तिच्या धाकट्या जावेचं, दर वेळी नव्याने घडवलेलं. जावेच्या नवऱ्याने सामाईक वावर बंगलेवाल्याला विकलं, तेव्हापासून भिंतीला भिंत असून दोघींचं बोलणं बंद. निरोप माझ्यामार्फत. "तिला सांग, तुजी म्हस सुटली." वैताग नुसता! आता जाऊ लेकाकडे तळेगावला कायमची निघाली होती, आणि त्याआधी आक्काला ते डोकं तिच्या हातात द्यायचं होतं.

"आक्का, सरळ जाऊन बोला की," मी म्हटलं.

"न्हाई गं. जीभच उचलत न्हाई."

निघायच्या आदल्या दिवशी, जुन्या विटा रचून केलेल्या नव्या भट्टीतून ते अखंड निघालं. एका गालावर तेवढा धुराचा डाग. सकाळी जावेचा टेम्पो भरत होता. आक्काने डोकं पदरात धरून तिच्यापुढे केलं.

जाऊ बघतच राहिली. "येवढी कडू दिसती मी?"

"व्हय. पर रोज दिसत हुतीस," आक्का म्हणाली. इतक्या वर्षांतलं पहिलं बोलणं! "आता रुसू कुनावर गं मी?"

जाऊ मटकन ओट्यावर बसली आणि ढसाढसा रडली. मलाही आवरेना. जाताना ती ते डोकं मांडीवर घेऊन टेम्पोत बसली. म्हणाली, "आक्का, तुमचं बी करून धाडा. रुसल्यालंच."

दुसऱ्याच दिवशी आक्काने स्वतःचं डोकं करायला घेतलं. मला आरसा धरून समोर बसवलं. मातीच्या कपाळाला आठ्या घाली, ओठ मुडपी, आणि पुन्हा अंगठ्याने सगळं पुसून टाकी. शेवटी मातीचे हात मांडीवर ठेवून माझ्याकडे बघत म्हणाली, "रुसायाच येईना गं आता."