खाली बसलेले पेशंट

तिला आम्ही मोजणीबाई म्हणायचो, तेही पाठीमागे. तोंडावर मॅडम. काम काय, तर दवाखान्यात कोण पडलं, कोणाला कॉटवर पडून पडून पाठीला जखम झाली, कोणाची गोळी कोणाला गेली, ते दर आठवड्याला मोजायचं. म्हणजे आमच्या चुका मोजायच्या. अशा बाईला कोण हो जवळ करणार? ती वॉर्डात शिरली की नळ धो धो सुरू, सगळ्यांना एकदम हात धुवायची आठवण! मी तिथली मावशी. फरशी पुसण्यापासून पेशंटला उठवण्या-बसवण्यापर्यंत सगळं माझ्याकडे. मीही धुवायचे.

घरी ती एकटीच. आई गेल्यापासून संध्याकाळी तोंडातून शब्द निघत नाही, असं एकदा लिफ्ट अडकली तेव्हा म्हणाली होती. जेवायला तिच्यासोबत एकच माणूस बसायचं, आमच्या वॉर्डाची मोठी सिस्टर. दोघींची चांगली गट्टी. एकीची भाजी दुसरीच्या डब्यात. तेवढा अर्धा तास मोजणीबाई हसायची.

आता माझं पाप सांगते. पेशंट पडला की कागदावर "पडला" लिहायचं, मग चौकशी, मग वॉर्डावर ठपका. एकदा एक म्हातारे मास्तर बाथरूमच्या दारात आपटले. सिस्टर रडकुंडीला आली, कारण तिचं मेट्रन व्हायचं घाटत होतं. मीच म्हणाले, "अहो, पडले कुठे? मी गेले तेव्हा खाली बसले होते की!" अगदीच खोटं नव्हतं, आपटल्यावर माणूस उठून बसतोच. सिस्टरने लिहिलं, "पेशंट खाली बसलेले आढळले." झालं! तेव्हापासून आमच्या वॉर्डात कोणी पडेचना, सगळे बसायलाच लागले.

एक दिवस मोजणीबाई कागद चाळत आली. "मावशी, दोन महिन्यांत सहा जण खाली बसले. खुर्च्या कमी पडल्या का हो?"

मी आपली फडकं पिळायला लागले. ती काही ओरडली नाही. घरी गेलेल्यांना तिने फोन केले, असलेल्यांच्या कॉटशेजारी स्टूल टाकून बसली. सहाही जण एकाच जागी पडले होते, बाथरूमच्या दारात, जिथे फरशी दोन बोटं वर होती. सहाव्या आजींचं तर खुब्याचं हाड मोडलेलं.

सिस्टरने मोजणीबाईला चादरींच्या खोलीत गाठलं. मी तिथेच घड्या घालत होते.

"तू सहा पडले म्हणून लिहिलंस तर माझं मेट्रनपद गेलं. मैत्रीण ना गं तू माझी?"

मोजणीबाईचे डोळे भरले. "मला तू एकच आहेस," ती म्हणाली. "पण मी लिहिलं नाही तर ते दार कोण दुरुस्त करणार? सातवा पडेपर्यंत थांबू का?"

तिने सहा लिहिले. आठवड्यात गवंडी आला, फरशी सपाट झाली, धरायला दांडा लागला. पाच महिने झाले, तिथे कोणी पडलेलं नाही. मेट्रनपद दुसऱ्या वॉर्डाच्या सिस्टरला मिळालं. आमची सिस्टर आता मोजणीबाईकडे बघतही नाही, आणि ती बघत नाही म्हणून आमच्यातलं कोणीच बघत नाही.

अहो, तो "खाली बसले" शब्द माझा होता! पण मोजणीबाईने माझं नाव कुठेही घातलं नाही. मला ते फार लागलं. काल मनाशी पक्कं केलं, काय व्हायचं ते होवो, आज तिच्याजवळ बसून जेवायचं.

डबा घेऊन तिच्या टेबलाकडे निघाले. तिने मला येताना पाहिलं आणि शेजारच्या खुर्चीवरची फाइल गडबडीने उचलून मांडीवर घेतली. तेवढ्यात पलीकडच्या टेबलावरून सिस्टरने मान वर केली. मला अजून तीन वर्षं त्याच वॉर्डात काढायचीत हो. मी मोजणीबाईच्या टेबलावरचा पाण्याचा जग उचलला, "घेते हं, मॅडम" म्हणाले आणि परत फिरले.