सुहासचं राहिलेलं रेंडर

भुताखेताच्या गोष्टी मी आजवर हसायलाच वाचत आले. या ग्रुपवरच्यासुद्धा, राग मानू नका. बेळगावातल्या एका डिप्लोमा कॉलेजात मी कॉम्प्युटर लॅब सांभाळते. मशीन बंद पडलं की पोरं म्हणतात, "मॅडम, झपाटलंय ओ हे." मी म्हणते, "आधी वायर बघ." बहुतेक वेळा वायरच निघते. आता मी सांगते आणि तुम्ही हसा... फिटंफाट.

माझी मावशी काकतीत राहते. तिचा मुलगा सुहास लग्नांचे व्हिडिओ शूट करून एडिट करायचा. पुढच्या खोलीत त्याचा डेस्कटॉप आणि त्यात हौसेनं बसवलेलं ग्राफिक्स कार्ड, म्हणजे स्क्रीनवर चित्र उमटवणारा भाग. त्या कार्डावर त्याचा फार जीव. खंडेनवमीला घरात विळे-खुरपी पुजायला मांडली की हा पठ्ठ्या कार्ड बाहेर काढून ब्रशनं पुसायचा आणि मावशीकडून हळद-कुंकू लावून घ्यायचा. मी ओरडायची, "अरे, सर्किटवर कुंकू काय लावतोस!" तर म्हणायचा, "आक्का, तू लावत न्हाईस म्हणूनच तुझ्या लॅबातली मशीनं मरत्यात."

गेल्या वर्षी त्याच्या धाकट्या बहिणीचं, वैशूचं लग्न झालं. शूटिंग अर्थात त्याचंच. एडिटिंग संपत आलं होतं. सगळे तुकडे जोडून एकच फाईल करायची, ज्याला रेंडर म्हणतात, तेवढंच राहिलं होतं. आणि तेवढ्यात हायवेवर त्याच्या गाडीला अपघात झाला. सुहास गेला.

मावशी दोन गोष्टींनी खचली होती. एक म्हणजे तो व्हिडिओ. त्यात सुहास कुठेच दिसत नाही, कॅमेऱ्यामागे होता ना... पण त्याचा आवाज आहे. तो तिला ऐकायचा होता. दुसरं म्हणजे, तिसऱ्या दिवशी मार्कंडेय नदीवर नैवेद्याला कावळा शिवला नव्हता. त्याच्या आवडीचं सगळं मांडलं, चुलत्यांनी हात जोडून कसली कसली वचनं दिली, तरी नाही. शेवटी गाईला घातलं. "पोराचं मन कशात तरी अडकलंय गं," ती म्हणायची. मी म्हणायची, "मावशी, कावळ्याचं पोट भरलेलं असेल." आता वाटतं, तोंड आवरायला हवं होतं.

मग एकदा वैशूचा फोन आला. "आक्का, दादाचा कंप्युटर चालू केलता, तर स्क्रीन काळीच. त्याच्यासंगचे कॅमेरावाले म्हणत्यात, ग्राफिक्सचा ड्रायव्हर गेला आसल. मशीन भाईर न्हेऊ देत न्हाय मम्मी. तूच ये."

रविवारी दुपारी गेले. टेबल भिंतीला चिकटलेलं, मशीनचं कॅबिनेट त्याच्याखाली कोपऱ्यात. मागे हात घालायला जागा नाही. म्हटलं, आधी चालू तर करून बघू. बटण दाबलं. पंख्याचा आवाज आला आणि स्क्रीन उजळली. वॉलपेपरवर वैशूच्या हळदीचा फोटो.

"अगं, आलं की!" वैशू म्हणाली.

"वायर," मी म्हटलं. "दुसरं काय असणार?"

तरी सवयीनं तपासलं. ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर, गेला असेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्डाच्या जागी भलतंच नाव येतं, नाहीतर पिवळा त्रिकोण दिसतो. इथे कार्डाचं नाव बरोबर होतं. प्रॉपर्टीजमध्ये वाक्यही तेच, मी रोज पोरांना दाखवते ते : धिस डिव्हाइस इज वर्किंग प्रॉपर्ली. सुहासचा प्रोजेक्ट उघडला, रेंडरला लावला. टास्क मॅनेजरमधला आलेख वर चढला. म्हणजे कार्ड काम करत होतं, आणि चांगलं राबत होतं. एकच गोष्ट खटकली. असं राबताना कार्ड तापतं, हात लावू देत नाही. इथे तापमान खोलीपेक्षाही खाली दाखवत होतं. सेन्सर बिघडला असेल म्हणून मी चहा घेतला.

फाईल पूर्ण झाली. पेनड्राइव्हवर घेऊन आतल्या टीव्हीला लावली. मांडव, अक्षता, जेवणाच्या पंगती... आणि मग सुहासचा आवाज. "मम्मी, हिकडं बघ की गं. हास जरा!" टीव्हीतली मावशी लाजून पदर सारखा करत हसली. समोर बसलेल्या मावशीनंही नकळत पदर सारखा केला. मला तिथे बसवेना. डोळे पुसत मी मशीन बंद करायला बाहेर आले.

स्क्रीन काळी होती. पंखा थांबलेला.

म्हटलं, वायर परत सैल झाली. टेबल ओढलं, कॅबिनेट बाहेर घेतलं. मॉनिटरची वायर कशालाच जोडलेली नव्हती. तिचं टोक मोकळं, फरशीवर पडलेलं. बाजूचं झाकण काढलं. कार्डाचा स्लॉट रिकामा होता. मी त्याला बोट लावलं... ओलं लागलं.

आतल्या दाराशी जाऊन कसंबसं विचारलं, "मावशी... सुहासचं कार्ड कुठं आहे?"

टीव्हीवरची नजर न काढता ती म्हणाली, "ते व्हय? मी त्याला दिलं की."

"दिलं म्हणजे?"

"तिसऱ्या दिवशी. नैवेद्याबरबर ठेवायला. त्यो पुजंला काढायचा तसंच काढलं आणि पिशवीतनं धाडलं त्याच्या चुलत्याबरबर. आवडीचं ठेवत्यात न्हवं? तरी शिवला न्हाय कावळा. मग राखंसंगं सोडलं नदीत."

वैशू माझ्याकडे बघतच राहिली. पिशवीत काय होतं हे तिलाही माहीत नव्हतं. मावशी मात्र शांत होती. "कार्ड नको व्हतं त्याला," ती म्हणाली. "काम ऱ्हायलंतं त्याचं. मला येडीला कळलंच न्हाय."

मग ती उठली, ताटलीत दहीभात कालवला आणि परसातल्या कट्ट्यावर नेऊन ठेवला. खरं सांगते, मीसुद्धा मान वर करून बघत होते. ती आत वळायच्या आधीच कावळा उतरला. मावशी तिथेच खाली बसली आणि सुहास गेल्यापासून पहिल्यांदा मोठ्यानं रडली.

नंतर मी खूप डोकं खाजवलं. त्या प्रोसेसरमध्ये स्वतःचं ग्राफिक्स नाही, त्यामुळे कार्डाशिवाय स्क्रीनवर काहीच दिसायला नको. कॉलेजातल्या सरांनाही विचारलं. ते म्हणाले, "तुमचा काहीतरी घोटाळा झालाय." असेल. ते मशीन त्यानंतर कितीदा चालू करून बघितलं, स्क्रीन काळीच.

कार्ड नदीत आहे. व्हिडिओ माझ्याजवळ आहे.