देवाला सांगता न येणारं काम

नारळ फुटल्याचा आवाज कानावर आला, की मला अजूनही देवबागेजवळची ती सकाळ आठवते. नोकरीत दरोडे पाहिले, खून पाहिले. पण ज्याच्या पाठीवरून मी जिवंत परत आलो, त्याच माणसाला धरून आणायचा हुकूम मला एकदाच मिळाला.

त्याचं नाव मी सांगणार नाही. आम्ही त्याला तांडेल म्हणायचो, कारण होडी हाकण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. महायुद्धात आम्ही दोघे ब्रह्मदेशच्या जंगलात एकाच टोळीत होतो. शत्रूच्या पिछाडीला शिरायचं, पूल उडवायचा आणि निघायचं, हे आमचं काम. माझ्या मांडीत गोळी घुसली तेव्हा यानंच मला पाठुंगळी घेऊन रान पार केलं. पुढे मी फौजदार झालो. गोव्यात तेव्हा पोर्तुगीज होते. सीमेवर लहानसं गुप्त पथक उभं राहिलं, तेव्हा पहिलं नाव मी याचंच सुचवलं.

पलीकडे आमचे निरोप पोचवणारी, आमची माणसं घरात लपवणारी काही कुटुंबं होती. त्यांची नावं आम्ही कधी कागदावर येऊ दिली नाहीत. ती फक्त मला आणि तांडेलाला ठाऊक होती.

आणि एक दिवस पलीकडून खबर आली. मालवणकडचा एक माणूस नावं घेऊन येतोय, बदल्यात त्याचा कैदेतला भाऊ सुटणार. तांडेलाचा धाकटा भाऊ सत्याग्रहात सापडून तिकडच्या तुरुंगात होता. मला वेगळा विचार करावाच लागला नाही. पथकाच्या तळावर माणूस पाठवला. तांडेल गायब होता. बंदूक मात्र साफसूफ करून कोपऱ्यात ठेवलेली होती.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. अरे, ती माणसं तुझ्या भरवशावर जीव मुठीत धरून बसली आहेत, आणि तू त्यांचा सौदा करायला निघालास? तो पलीकडे पोचला असता तर ती घरंच्या घरं उचलली गेली असती.

संध्याकाळी वरिष्ठांचा निरोप आला. तांडेल तळेऱ्याच्या नाक्यावर दिसला, देवगडच्या गाडीत बसताना लोकांनी पाहिला. सगळी माणसं तिकडे रवाना झाली. मी हसलो. उत्तरेला दिसायचं आणि दक्षिणेला निघायचं, हा डाव आम्ही दोघांनी एकाच उस्तादाकडून शिकला होता. मी जमादाराला म्हटलं, "देवगड राहू दे. मालवणच्या दक्षिणेला, देवबागेत कुणाची होडी पाण्यात न जाता उभी आहे, ते बघून ये."

पाच दिवस किनारा न्याहाळून जमादारानं एका होडीवाल्याला ठाण्यावर आणलं. ठाणे डायरीत नोंद केली, त्याला बाकावर बसवलं, चहा मागवला. चौकशीत माझा पहिला हात काठीला नव्हे, कपाला जायचा. खोटं बोलणारा माणूस चहा गार करतो, हा माझा अनुभव. यानं कप तोंडाजवळही नेला नाही.

"होडी कुणासाठी ठेवली आहेस?"

"कोणासाठी नाय सायबानु. माझीच आसा."

"मासे काय किनाऱ्यावर चालत येतात? इतके दिवस दर्यात का गेला नाहीस?"

तो चुळबुळला. मी मालवणीत आलो. "हे बघ, तू वायट माणूस नाय. पण तुझ्या होडयेतून जो जातलो, तो कितक्या जणांचो जीव घेतलो, ता तुका ठावक आसा?"

मग मात्र त्याचा बांध फुटला. "माका तेना भावाक सोडवून हाडूचा आसा इतक्याच सांगल्यान, देवाशप्पथ! होडी तयार आसा, वारो बरो, दर्यो शांत. पण तो काय जायनाच! रोज म्हणता, उद्या जावया."

"आणि तो दिवसभर करता काय?"

"सकाळी न्हाता, नारळ घेता, देवळात जाता. येता तो तोंड पाडून."

मी खुर्चीवरून उठलोच. तपास तिथेच संपला होता.

मी वालावलचा, मला हे कोणी समजावून सांगायला नको. आमच्याकडे मोठ्या कामाला निघताना ग्रामदेवतेला गाऱ्हाणं घालतात. अमका अमक्या कामाला जातो आहे, त्याला यश दे, असं गुरव देवापुढे मोठ्यानं बोलतो आणि जमलेले लोक 'व्हय महाराजा' म्हणून साथ देतात. मग मूर्तीला दोन्ही बाजूंना फुलांच्या कळ्या चिकटवून कौल घ्यायचा. उजवी कळी पडली तर जायचं. त्याशिवाय तांडेल होडीत पाय ठेवणार नव्हता. जंगलातसुद्धा पूल उडवण्याआधी तो गावच्या देवाला हात जोडायचा आणि मी त्याची टर उडवायचो.

त्या देवळाच्या गुरवाला गाठलं. तो म्हणाला, "तो येता खरो. मी विचारतंय, खंय जातंस, कित्याक जातंस? तर गप रवता. काम सांगल्याशिवाय गाऱ्हाणा कसा घालतलंय?"

जमादार माझ्या कानाशी लागला, "साहेब, गुरवाला दम देऊ. कौल अडवून धर म्हणावं."

"देवाला पोलीस खात्यात भरती करू नका," मी त्याला झापलं. "बाजूच्या दाराशी उभे राहा आणि तोंड बंद ठेवा."

सकाळी ऊन सभामंडपात आलं तेव्हा तांडेल आला. ओला पंचा, हातात नारळ. मी खांबाआड बसलो होतो. त्यानं मान वळवलीच नाही.

"खांबाआड बसलंस मां?" तो म्हणाला. "जुनी सवय जाऊक नाय तुझी."

"तुझीय जाऊक नाय," मी म्हटलं. "नारळ घेऊन इलंस."

"पिस्तूल हाडलंस?"

"हाडलंय. पण तुका लागाचा नाय."

मला खात्री होती. ज्याला पळायचं असतं, तो रोज देवळात येत नाही. गुरव बिचारा आमच्या तोंडाकडे बघत राहिला. शेवटी त्यानं रोजचाच प्रश्न विचारला, "बोल बाबा, काय सांगू देवाक?"

"भावाक सोडवूक जातंय म्हणान सांग."

"सगळा सांग," मी म्हणालो. "भावाच्या बदल्यात कोणाक देतलंस, ताय सांग. पलीकडल्या त्या म्हातारेचा नाव घे. आपणाक चुलीमागे लपवून पेज घातल्यान, तिचा."

त्यानं नारळ उंबऱ्यावर ठेवला आणि खाली बसला.

"नाय सांगूक जमणा," तो रडत म्हणाला. "रोज येतंय, पण जीभच उचलणा नाय. पण माझो भाव थंय मरतलो रे! आमच्या आयेक काय सांगू?"

मलाही हुंदका आवरला नाही. मग त्यानं आपणहून दोन्ही हात पुढे केले. मी खिशातून बेडी काढलीच नाही. गुरवाला म्हटलं, "आता घाला गाऱ्हाणा. हेचो भाव सुखरूप घराक येवंदे आणि पलीकडल्या माणसांच्या केसाक धक्को लागू नये."

गुरवानं तोच नारळ देवापुढे फोडून खडा आवाज लावला. आम्ही सगळ्यांनी साथ दिली. बाजूच्या दारातून सगळ्यात मोठा 'व्हय महाराजा' आमच्या जमादाराचा आला.

तांडेल आपणहून हजर झाला, नाव एकही फुटलं नाही, असा अहवाल मी जसाच्या तसा लिहिला. त्याला शिक्षा झाली, ती त्यानं मुकाट्यानं भोगली.

पुढे आयुष्यभर मी एक पद्धत ठेवली. आरोपी समोर बसला, की त्याला विचारायचो, हे काम तुला तुझ्या गावच्या देवापुढे मोठ्यानं सांगता येईल का? बहुतेकांची मान तिथेच खाली जायची. माणूस पळून कुठे जाईल, हे सगळेच शोधतात. तो अडतो कुठे, हे मला तांडेलानं शिकवलं.

गोवा मोकळा झाला, तेव्हा त्याच्या भावाला आणायला मीच गेलो. हाडांचा सापळा झाला होता, पण जिवंत होता. सीमा ओलांडल्यावर त्यानं विचारलं, "दादा माका सोडवूक कित्याक येवक नाय?" मी गाडी थेट देवळाकडे घेतली. शिक्षा संपवून आलेला तांडेल तिथे नारळ घेऊन उभा होता. बाजूला एक म्हातारी बसली होती. पेज घालणारी तीच. तांडेलानं भावाला जवळ घेण्याआधी तिच्या पायांकडे बोट केलं. "आधी हिच्या पाया पड," तो म्हणाला. "मगे तुका सांगतंय, मी कित्याक येवक नाय."