आत घेतलेला कोपरा

आत्या सकाळी उठली की आधी गोधडीची घडी घालायची, चहा नंतर. कडा सारख्या करून एक कोपरा ती आत दुमडायची, वरून हात फिरवायची आणि मगच खोलीचं दार उघडायची. भावाच्या घरातली मागची खोली तिची, आणि गोधडी तिच्या आईच्या हातची. आत्यामागे ती भाचीला मिळायची, हे घरात ठरूनच गेलेलं.

भाचीचा जीव मात्र त्या कोपऱ्यात अडकला होता.

"आत्या, हा कोपरा आजीने नाही ना शिवला?"

"का? तिच्या हातांना काय झालं होतं?"

"टाके बघ ना! सुईने नाही, नांगराने घातल्यासारखे."

आत्या खुदकन हसली आणि लगेच गप्प झाली. "शब्द दिलाय मी कुणाला तरी. माझ्या तोंडून नाही निघायचं ते. एवढी शिकतेस ना, मग चालव डोकं. मला कशाला बोलायला लावतेस?"

आत्याची सगळी नोकरी इस्पितळाच्या तळघरात, फाटक्या चादरी शिवण्यात गेली. शाळा सुटली की भाची तिथेच कपड्यांच्या ढिगावर बसून अभ्यास करायची. नुसते टाके बघून आत्या सांगायची, चादर कुणाच्या हाताखालून गेलीये. तिथली एक बाई डावखुरी होती. "हिचे टाके उलटे कलतात बघ," आत्या तिला चिडवायची, "वारा हिच्या एकटीच्याच घरात उलटा वाहतो."

एकदा गोधडी खिडकीत झटकताना भाचीला ते आठवलं आणि तिचा हात थांबला. सगळ्या गोधडीवरचे टाके एका बाजूला कललेले होते, कोपऱ्यातले तेवढे दुसऱ्या.

घरात डावखुरं माणूस एकच: बाबा. पण बाबांनी जन्मात सुई धरली नव्हती, आणि हे ते छाती पुढे काढून सांगायचे. बटण तुटलं की सदरा बहिणीपुढे टाकून म्हणायचे, "ठमे, एवढं लावून दे. आपल्याला नाही बुवा जमत."

पुढच्या खेपेला सदरा भाचीनेच उचलला. "आत्याचे डोळे दुखतायत. मी लावते, तुम्ही नुसता दोरा ओवून द्या."

बाबांनी पेपर बाजूला ठेवला. दोऱ्याचं टोक ओठांत ओलं केलं, पहिल्याच फटक्यात ओवलं आणि बोलता बोलता ते बोटाभोवती फिरवून गाठही मारून टाकली. मान वर केली, तर लेक टक लावून बघत होती.

"काय झालं?"

"काही नाही. गोधडीचा कोपरा आठवला."

बाबांचे कान लाल झाले. "ठमीने सांगितलं?"

"ती कसली सांगतेय! तिचं तोंड उघडायला पकड आणावी लागेल."

मग बाबाच बोलले. "लहानपणी ठमी तापाने फणफणली होती गं. आई कामावर गेलेली. गोधडीचा एक कोपरा शिवायचा राहिलेला, आणि हिला तीच हवी. काय करणार? दाराला कडी घातली आणि बसलो शिवत. गल्लीतल्या पोरांना कळलं असतं तर मला घराबाहेर पडणं मुश्कील झालं असतं. हिला म्हटलं, कुणाला सांगितलंस तर याद राख." त्यांनी सुई लेकीच्या हातात दिली. "मला वाटलं, केव्हाच विसरली असेल."

भाचीने मागच्या खोलीत जाऊन आत्याला सांगितलं, "कळलं मला."

"काय कळलं? मला काही माहीत नाही," म्हणत आत्याने भिंतीकडे तोंड केलं. तिचे खांदे मात्र हसत होते.

पुढे आत्याला उठवेना, तेव्हा घडी घालायचं काम भाचीकडे आलं. एका सकाळी तिने कोपरा मुद्दामच बाहेर ठेवला. बाहेर कपबशी वाजली, चपला फरफटल्या. आत्याने हात लांबवून गोधडी चाचपली.

"अगं, कोपरा आत घे. दादा चहा घेऊन येतोय."